उजव्या हाताची खिडकी

घोलवडहून सकाळच्या गाडीने मुंबईला निघालेला जाणता माणूस चढल्या चढल्या उजव्या हाताची खिडकी धरतो. इथे रेल्वे उत्तर-दक्षिण धावते. सकाळी तोंड दक्षिणेला असतं, ऊन पूर्वेकडून म्हणजे डाव्या हाताने आत येतं, आणि उजवीकडे सावली व समुद्राकडचा वारा मिळतो. संध्याकाळी परतताना तोंड उत्तरेला आणि सूर्य पश्चिमेला, म्हणजे ऊन पुन्हा डावीकडेच. जाताना उजवी, येताना उजवी. रोजच्या प्रवाशाला हे कुणी शिकवावं लागत नाही, मान भाजली की आपोआप कळतं.

या गोष्टीतल्या आजीला ते तिच्या नवऱ्याने सांगितलं होतं. वाडीतल्या चिकूचा हिशेब करायला त्यांना मुंबईच्या बाजारात जावं लागे. लग्नानंतर पहिल्यांदा तिला बरोबर नेलं तेव्हा डब्यात शिरता शिरताच ते म्हणाले होते, "आधी सूर्य कुठे आहे ते बघ, मग बस." पुढे आजोबा गेले, पण वाक्य घरात राहिलं. नात चार वर्षांची असताना आजीने तेच तिला सांगितलं आणि नातीने ते आयुष्यभरासाठी उचललं. एसटीत, वडापच्या जीपमध्ये, शाळेच्या सहलीच्या बसमध्ये, कुठेही ही मुलगी आधी सूर्य बघायची आणि मग बसायची.

मुलगी बोर्डीच्या कॉलेजात विज्ञान शिकत होती तेव्हा लंडनच्या काकाने हट्ट धरला की यंदाची दिवाळी आजीने तिकडे करायची. वाडीत चिकू धरायला लागलेला, मजुरांचा हिशेब डोक्यावर, त्यामुळे मुलीच्या बाबांना हलता येणार नव्हतं. मग ठरलं, आजीला नात घेऊन जाईल. घोलवडचा चिकू मात्र आजीच्या आधीच तिकडे जाऊन पोचला होता. इथल्या मातीत कॅल्शियम भरपूर, त्यामुळे फळाला वेगळीच गोडी येते असं मानतात. या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२१ मध्ये त्या नावाने पालघर जिल्ह्यातून ब्रिटनला माल रवाना झाला. आजी पिशवीत वाळवलेल्या चिकूच्या फोडी भरताना म्हणायची, "फळं गेली, आता झाडाचं बघूया."

दोघींनीही विमानात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आजीला खिडकी मिळाली पाहिजे, आणि तीही सगळ्यांत चांगली, असं नातीने मनाशी पक्कं केलं. ती झपाटून कामाला लागली. तिने काय काय शोधलं ते सांगण्यासारखं आहे, कारण ते सगळं खरं आहे आणि कुणाच्याही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट सूर्याची. विमान दुपारी एकच्या सुमारास मुंबई सोडणार होतं आणि वायव्येकडे जाणार होतं. ऑक्टोबरच्या शेवटी दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि मग पश्चिमेला उतरतो. म्हणजे लंडनपर्यंत ऊन डाव्या अंगाला. डावीकडे बसलं तर काचेवरचा प्रत्येक ओरखडा चमकणार आणि डोळे दिपणार. उजवीकडे सावली, आणि सावलीतून उजेडातली जमीन स्वच्छ दिसते. मावळता सूर्य त्या बाजूने दिसणार नव्हता, पण मावळता सूर्य बोर्डीच्या किनाऱ्यावर रोजच असतो. म्हणजे इथेही उजवीच! आजोबांचा नियम आकाशातही चालला म्हणून ती घरभर नाचली.

दुसरी गोष्ट पंखाची. पंखावरच्या ओळीत बसलं तर खाली फक्त पंख दिसतो. पंखाच्या लगेच मागे बसलं तर इंजिनातून निघणाऱ्या गरम हवेने खालचं दृश्य थरथरत राहतं. तेव्हा एकतर पंखाच्या बरंच पुढे बसावं किंवा बरंच मागे. पुढच्या जागा महाग असतात, म्हणून तिने मागची ओळ धरली. शिवाय खिडकीची जागा म्हटलं म्हणून समोर खिडकी असेलच असं नाही. खुर्च्यांच्या ओळी आणि खिडक्या एकमेकींशी जुळतातच असं नसतं. बोइंग ७३७ च्या काही विमानांत तर डाव्या बाजूला एका ओळीशी खिडकीच नसते, कारण तिथून भिंतीच्या आत वातानुकूलनाची नळी जाते.

त्यांचं विमान होतं ड्रीमलायनर. एका ओळीत तीन, तीन आणि तीन अशा नऊ खुर्च्या. डावीकडची खिडकी 'ए' आणि उजवीकडची 'के'. या विमानाच्या खिडक्या इतरांपेक्षा मोठ्या, सुमारे ४७ सेंटिमीटर उंच. त्यांना ओढायची झडप नसते, बटण दाबलं की काच गडद होत जाते. अकरा किलोमीटर उंचीवरून क्षितिज पावणेचारशे किलोमीटरवर जातं हेही तिने गणिताने काढलं आणि आजीला सांगितलं, "तेवढ्या उंचीवर घोलवडच्या डोक्यावर असलो आणि हवा अगदी स्वच्छ असली, तर नजर रत्नागिरीच्याही पुढे पोचेल."

"एवढं लांब बघून काय करायचं गं, बाय?" आजीने विचारलं. नातीला तो प्रश्न वाटलाच नाही.

तिला सगळ्यांत ओढ होती ती इंद्रवज्राची. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर १८३५ मध्ये कर्नल साइक्सला ते दिसलं होतं. खाली दरीत ढग, पाठीशी सूर्य, आणि ढगावर पडलेल्या आपल्याच सावलीभोवती रंगीत वर्तुळ. विमानातून हेच दिसतं, पण सूर्याच्या उलट बाजूला बसणाऱ्यालाच. उन्हाची बाजू धरणाऱ्याला ते दिसायचं कारणच नाही. म्हणजे 'के' धरायचं हे आणखी पक्कं झालं.

जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, त्या एवढ्याशा पुस मॉथ विमानात जागा निवडायचा प्रश्नच नव्हता. वैमानिक आणि टपालाच्या पिशव्या, बस्स. आज माणूस तिकिटाबरोबर जागाही निवडतो आणि पुष्कळदा तिचे वेगळे पैसे मोजतो. माझ्या मते ते पैसे वाया जात नाहीत. लांबच्या प्रवासात माणूस त्या एका खुर्चीत नऊ-दहा तास काढतो, तिचा विचार करायलाच हवा. नातीने शिष्यवृत्तीच्या पैशातून ते भरले. आजीला 'के', स्वतःला मधली 'जे'. वाटेकडची 'एच' कुणा अनोळखी माणसाला गेली.

विमान उडालं आणि नातीचं सगळं गणित खरं ठरलं. समुद्रावर येताच उजवीकडे वर्सोवा, मढ, गोराईचा किनारा उलगडला आणि उत्तरेकडे धुरकट होत गेला. "आजी, हाच किनारा पुढे वसई, केळवे, डहाणू करत आपल्याकडे जातो!" आजीने काचेला कपाळ लावून पाहिलं आणि हात जोडले. पुढे वाळवंट आलं, मग उघडेबोडके डोंगर, त्यातल्या उंच शिखरांवर बर्फ. ऊन कलल्यावर खाली ढगांची सलग चादर आली आणि त्या पांढऱ्यावर ते दिसलं: विमानाची सावली पडावी त्या जागेभोवती एक लहान, रंगीत वर्तुळ, विमानाबरोबर धावणारं. नात ओरडलीच. आजी म्हणाली, "छान आहे." नात जे जे दाखवत होती, ते ते आजी बघत होती.

कडेचा माणूस जेवण झाल्यावर पांघरूण डोक्यावर घेऊन झोपला होता. हवाईसुंदरी पाणी घेऊन आली की आजी म्हणायची, "नको." चहा आला, "नको." रस आला, "काही नको." नातीचं तोंड खिडकीकडे होतं.

विमानाच्या आतली हवा कोरडी असते आणि तिचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो. ड्रीमलायनरमध्ये तो साधारण सहा हजार फूट उंचीवर असतो तेवढा, इतर बऱ्याच विमानांत त्याहून कमी. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. तेव्हा आपण गादीच्या खुर्चीत बसलो असलो तरी शरीर कळसूबाईच्या माथ्याहून वरच्या हवेत श्वास घेत असतं. पाणी जास्त लागतं. पाय तासन्‌तास लोंबकळत राहिले की रक्त खाली साचतं आणि घोटे सुजतात. क्वचित पायाच्या शिरेत गाठही होते, आणि ती जिवावर बेतू शकते. म्हणून डॉक्टर सांगतात, पाणी पीत राहा, घोटे फिरवा, दर तास-दोन तासांनी उठून चार पावलं टाका. वयाने मोठ्या माणसाला हे जास्तच लागू पडतं.

लंडनला उतरताना आजीच्या पायात चपला जाईनात. डावा गुडघा तर वाकतच नव्हता. काकाने चाकांची खुर्ची मागवली. घरी पोचल्यावर काकूने तिचे पाय उशांवर उंच ठेवले, थोडं थोडं करून तांब्याभर पाणी पाजलं आणि विचारलं, "आई, मधे एकदाही उठला नाहीत?"

"कसं उठणार?" आजी म्हणाली. "तो कडेचा बिचारा झोपलेला. त्याला उठवायचं, मग पोरीला उठवायचं. आणि ती इतक्या हौसेनं दाखवत होती. पाणी प्यायलं की उठावं लागतं, म्हणून प्यायलंच नाही."

नात दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं.

या मुलीला मी दोष देत नाही. तिच्या प्रेमात खोट नव्हती आणि अभ्यासात चूक नव्हती. तिने सूर्याचा विचार केला, पंखाचा केला, इंजिनाचा केला, ढगांचाही केला. ज्या माणसाला त्या खुर्चीत बसायचं होतं, त्याला तेवढं विचारलं नव्हतं. आणि आपल्याकडच्या त्या पिढीतल्या बायका आपण होऊन सांगत नाहीत. त्यांचं "काही नको" म्हणजे उत्तर नसतं. दुसऱ्याला त्रास नको म्हणून जन्मभर घोटलेली ती सवय असते. घरातल्या माणसांनी ते "काही नको" खरं मानलं की म्हातारं माणूस तहानलेलं राहतं. हे विमानातच घडतं असंही नाही. आपण आपल्या आवडीचं उत्तमातलं उत्तम निवडतो, ते प्रेमाने दुसऱ्याच्या हातात ठेवतो, आणि ते त्याच्या उपयोगाचं आहे की नाही हे बघायचं विसरतो. मुलासाठी शाखा निवडताना, आईसाठी नवं घर निवडताना, बाबांच्या निवृत्तीनंतरचे बेत करताना हेच होतं.

त्या रात्री नात आजीच्या उशाशी बसली. "आजी, खरं सांग. विमानात तुला काय बघायचं होतं?"

आजी आधी म्हणाली, "काही नाही गं." नात उठली नाही. मग बऱ्याच वेळाने आजी म्हणाली, "मला ते मागे जाऊन बघायचं होतं. दोन-अडीचशे माणसांना एवढ्याशा जागेत गरम जेवण वाढतात कसं? ना चूल, ना धूर. वाडीवर पंधरा मजुरांचं करताना माझी धांदल उडायची."

नातीच्या कोणत्याच यादीत हे नव्हतं.

दिवाळी छान झाली. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ मध्ये स्थापन झालेलं, टाटांनी विमानाने टपाल आणलं त्याच वर्षी. तिथल्या फराळात घोलवडच्या चिकूच्या फोडी सगळ्यांत आधी संपल्या.

परतीच्या जागा ठरवायला नात पुन्हा बसली, पण या वेळी आजीला शेजारी घेऊन. विमान सकाळी दहाला निघणार होतं आणि आग्नेयेकडे जाणार होतं. नोव्हेंबरचा सूर्य दक्षिणेला, म्हणजे ऊन उजवीकडे. सावली आणि स्वच्छ दृश्य हवं तर डावी बाजू. म्हणजे आजोबांचा उजवीचा नियम या वेळी उलटा होत होता. पण नातीने आधी विचारलं, "आजी, गुडघा कोणता धरतो?"

"डावा."

"मग पाय लांब करायला वाट डाव्या हाताला पाहिजे."

डाव्या बाजूच्या तीन खुर्च्यांत वाट उजव्या हाताला येते. उजव्या बाजूच्या तिनांत 'एच'च्या डाव्या हाताला वाट. म्हणजे सूर्य एक बाजू सांगत होता आणि गुडघा दुसरी. नातीने गुडघ्याचं ऐकलं. आजीला 'एच', स्वतःला पुन्हा मधली. खिडकीत एक परका तरुण आला. त्याने ऊन नको म्हणून बटण दाबून काच जवळजवळ काळी करून टाकली. तो उठला की आजीला उठावं लागायचं. "बरंच आहे, तेवढेच पाय मोकळे होतात," आजी म्हणाली. नातीचं लक्ष आता वाटेकडे होतं. गाडा येताना दिसला की ती आजीला पाय आत घ्यायला सांगायची आणि गाडा गेला की पाणी पुढे करायची.

तिसऱ्या तासाला दोघी मागे गेल्या. आजीने आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःसाठी परक्या माणसाकडे काही मागितलं. "मुली, तुमचं स्वयंपाकघर बघू?" कर्मचारी मुलगी मराठी नव्हती, नातीने तिला समजावून सांगितलं. ती हसली आणि तिने सगळं दाखवलं. जेवण जमिनीवरच शिजवून थंड केलेलं असतं, ते गाड्यांतून विमानात चढतं आणि इथल्या भट्ट्यांत पुन्हा गरम होतं. प्रत्येक गोष्टीला कडी, प्रत्येक गाड्याला कुलूप, म्हणजे विमान हललं तरी काही निसटू नये. आजीने प्रत्येक कप्पा पाहिला. किती वेळ लागतो, उरलेल्याचं काय करतात, मीठ कमी का असतं, सगळं विचारलं. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो जाताना इंद्रवज्र दाखवतानाही नातीला दिसला नव्हता.

नंतर दर तास-दोन तासांनी दोघी त्या बाजूला फेरी मारायच्या. मागच्या डाव्या दरवाजाला एक लहानशी खिडकी होती. संध्याकाळी त्या कर्मचारी मुलीने आजीला हाताला धरून तिथे उभं केलं. सूर्य मागे, उजव्या अंगाला मावळला होता. उजवीकडचे लोक आपापल्या खिडक्यांतून तो टिपत होते. डावीकडे, पुढच्या क्षितिजावर, निळसर काळा पट्टा वर चढत होता आणि त्याच्यावर गुलाबी पट्टा.

"ही पृथ्वीची सावली, आजी," नात म्हणाली. "आपल्याच पृथ्वीची, हवेवर पडलेली. वरच्या गुलाबी पट्ट्याला शुक्राचा पट्टा म्हणतात."

"ही होय?" आजी म्हणाली. "ही तर मी रोज बघते. थंडीत संध्याकाळी बारड्याच्या डोंगरावर येते. सगळे समुद्राकडे तोंड करून बसतात, मी चिकू निवडत पूर्वेला तोंड करून बसते ना."

बारडा डोंगर घोलवडच्या पूर्वेला आहे. संजाण गाव शत्रूच्या हाती पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी या डोंगरातल्या बाहरोटच्या गुहांत बारा वर्षं जपला, अशी त्यांची परंपरा सांगते. त्या डोंगरावर सूर्यास्तानंतर चढणारी ती सावली आजी वर्षानुवर्षं बघत होती आणि तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. विज्ञान शिकणारी तिची नात त्याच घरात वाढली होती, तिनेही नाही. मला या गोष्टीत सगळ्यांत जास्त लागतं ते हे. म्हातारी माणसं पुष्कळ बघून बसलेली असतात. आपण त्यांना दाखवायच्या घाईत असतो.

मुंबईला उतरताना आजीच्या पायात चपला नीट गेल्या. ती विमानाच्या दारापासून सामान घेण्याच्या पट्ट्यापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेली.

घोलवड-बोर्डीकडच्या बऱ्याच घरांतली मुलं आज परदेशात आहेत आणि म्हातारे आईवडील वर्षा-दोन वर्षांनी त्यांच्याकडे जातात. त्यांची तिकिटं काढून द्यायला आता या मुलीला बोलावतात. सूर्य, पंख, इंजिन, इंद्रवज्र, सगळं ती अजूनही बघते, आणि हौशी माणसाला खिडकी हवी असेल तर त्याच्यासाठी चांगलीच खिडकी शोधून देते. पण वहीत ती पहिल्या ओळीत तीनच गोष्टी लिहून घेते: गुडघा कोणता दुखतो, रात्री किती वेळा उठावं लागतं, आणि प्रवासात काय बघायची इच्छा आहे. ही उत्तरं ती मुलाला किंवा सुनेला विचारत नाही. ज्याला जायचं आहे त्याच्याच तोंडून घेते, आणि उत्तर "काही नको" आलं तर पुन्हा विचारते. तुमच्या घरातून कुणी लांबच्या विमानाने निघणार असेल, तर पैसे भरायच्या आधी हे तीन प्रश्न त्यांच्याजवळ बसून जरूर विचारा.